छापल्याप्रमाणे

माईक हातात देता देता शिंत्रे माझ्या कानाशी पुटपुटले, “इंगवले, दोन मिनिटांत आटपा बरं का. सरांना निपाणीची गाडी गाठायची हाय.”

“दोन मिनिटांत शनीपर्यंत जाऊन यायचं म्हणजे यान जरा जोरात हाणायला लागंल,” मी म्हटलं. माईक सुरू आहे हे मला ठाऊक नव्हतं. सगळा हॉल हसला आणि मला आणखी चेव चढला.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमाराची. कोल्हापुरात मंगळवार पेठेत अंधांसाठी एक छोटं वाचनालय होतं. छोटं म्हणजे दोन खोल्या, एक हॉल आणि कॅसेटींची कपाटं. शिंत्रे तिथले सचिव. डोळस मंडळी घरी बसून पुस्तकं मोठ्यानं वाचायची, टेप करायची, आणि आम्ही त्या कॅसेटी नेऊन ऐकायचो. मी एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होतो. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची आणि संध्याकाळी घरी येऊन कानाला टेप लावायचा, असा माझा सगळा जन्म कानावर चाललेला. दोन वर्षांचा असताना देवी आल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. त्यामुळं काय गेलं हेही मला कधी नीट कळलं नाही.

त्या दिवशी वाचनालयात प्राध्यापक हेर्लेकरांचा सत्कार होता. त्यांच्या ‘टायटनवरचा मुक्काम’ या कादंबरीला कसलंसं बक्षीस मिळालं होतं. शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावर जाणाऱ्या देवव्रतची ती गोष्ट. अध्यक्षांनी भाषणात “आंधळा मागतो एक डोळा” अशी सुरुवात केली, समोर कोण बसलंय हे आठवल्यावर ते खोकले, आणि उरलेली म्हण पाण्याबरोबर गिळून टाकली. आम्हीच मग टाळ्या वाजवून त्यांना सोडवलं. त्यानंतर वाचकांतर्फे मी बोलायला उभा राहिलो. अंतराळाची पुस्तकं वाचनालयात माझ्याइतकी कुणी ऐकलेली नव्हती.

मी माझा आवडता सिद्धांत मांडला. म्हटलं, बाकीच्या पुस्तकांत आम्ही पाहुणे असतो. नायिकेचे डोळे, डोंगरावरची संध्याकाळ, सगळं दारात उभं राहून ऐकायचं. पण अंतराळाच्या गोष्टी आमच्या घरच्या आहेत. तिथं अंधार, तो आम्हाला नवा नाही. वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळत नाही, प्रत्येक वस्तू चाचपून धरावी लागते. आणि लांब पृथ्वीवरून कुणीतरी कानात सांगत असतं, त्या आवाजाच्या भरवशावर माणूस पुढं सरकतो. माझं तर रोजचंच आहे हे. शहाणी डोळस माणसं इतका खर्च करून, यानात बसून, शेवटी माझ्यासारखी व्हायला जातात याची मला मोठी गंमत वाटते.

हॉल पुन्हा हसला. पुढच्या रांगेत, माझ्या खुर्चीशेजारी, कुमुदताई सबनीस बसल्या होत्या. त्यांनीच ती कादंबरी टेपवर वाचली होती. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली बाई, एकटीच, राजारामपुरीत राहणारी. माझ्या घरातल्या माणसांपेक्षा त्यांचा आवाज माझ्या कानात जास्त तास असायचा. म्हणून मी मुद्दाम म्हटलं, “सरांच्या पुस्तकातला एक उतारा मला पाठ आहे. ताईंच्या आवाजात आहे, पण आज माझ्या आवाजात चालवून घ्या.”

आणि मी म्हणून दाखवलं:

“इंजिन बंद झालं. मग यानाचा पत्रा गार होता होता बोलायला लागला, टक्, टक्, चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखा. देवव्रतनं हातमोजा काढला आणि तळहात खिडकीच्या काचेला टेकवला. गारवा बोटांतून मनगटात आला, मनगटातून कोपरात. काचेपलीकडे कोट्यवधी मैल काही नव्हतं, आणि ते काही नसणं त्याच्या हाताला लागत होतं. लहानपणी अंधारात लांब गेल्यावर आईची हाक बारीक ऐकू यायची आणि कळायचं आपण किती लांब आलो. तसं त्याला कळलं.”

टाळ्या जोरात पडल्या. माझ्या मागं कुणीतरी नाक शिंकरलं. मी खुर्ची चाचपत खाली बसलो. शेजारची खुर्ची रिकामी होती. ताई चहाचं बघायला गेल्या असतील असं मला वाटलं.

हेर्लेकर सर बोलले ते थोडकंच. आभार मानले, टाळ्या घेतल्या आणि खाली उतरून माझ्यापाशी आले. त्यांचा आवाज मऊ होता, पण जरा बावरलेला.

“इंगवले, तो उतारा कुठल्या प्रकरणातला?”

“शनीजवळचा, सर. यान थांबतं तिथला.”

“हो. तिथं यान थांबतं खरं,” ते म्हणाले. “पण तवा? मी तवा कशाला लिहीन?”

निपाणीची गाडी त्या दिवशी चुकली. आम्ही तिघं शिंत्र्यांच्या खोलीत बसलो. शिंत्र्यांनी कपाटातून कॅसेट काढून लावली, सरांनी पुस्तक उघडलं. ताईंचा आवाज सुरू झाला. पहिली पानं बरोबर जुळत होती. मग एका ठिकाणी सर “थांबवा” म्हणाले. त्यांनी छापलेलं वाचून दाखवलं: खिडकीबाहेर शनी सोनेरी दिसत होता, त्याच्याभोवती वलयं फिकट केशरी, मधे काळ्या रेघा, आणि देवव्रत भान हरपून बघत राहिला. शिंत्र्यांनी टेप पुढं सोडली. टेपवर शनी सोनेरी नव्हताच. टेपवर पत्रा बोलत होता आणि देवव्रतचा हात काचेवर होता.

तसं पुढं बऱ्याच ठिकाणी निघालं. जिथं पुस्तकात कुणी काही पाहिलं, तिथं ताईंनी ते काढून दुसरं घातलेलं. टायटनचं नारिंगी धुकं टेपवर ओल्या घोंगडीसारखं खांद्यावर बसत होतं. पृथ्वी निळ्या ठिपक्यासारखी दिसते तिथं रेडिओतला आवाज यायला लागणारा उशीर होता, आणि त्या उशिरावरून देवव्रत घर किती लांब राहिलं ते ओळखत होता. गोष्ट तीच, माणसं तीच, घडलेलं सगळं तेच. फक्त कुणी कशाकडं बघत नव्हतं.

मला आवडलेली एकूण एक जागा त्यांतली निघाली.

“ह्यो काय घोळ घातलाय बाईंनी,” शिंत्रे कपाळाला हात लावल्यासारखे म्हणाले. “आपला पैला नियम काय? छापल्याप्रमाणं वाचावं. भिंतीवर लावलाय की.”

“भिंतीवर लावलेलं आम्हाला कुठलं दिसतंय,” मी म्हटलं, पण कुणी हसलं नाही.

सरांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, “वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट... जाऊ दे. पण हे माझं नाही हो. मघाशी टाळ्या पडल्या त्या मी खुशाल घेतल्या. एक तर कॅसेटवरून माझं नाव काढा, नाहीतर त्यांची वाक्यं काढा. दुसरं मी काय सांगणार?”

त्यांचं काही चुकत नव्हतं. शिंत्र्यांचंही चुकत नव्हतं. मी एवढंच म्हटलं की नवीन वाचन जरूर करा, पण जुन्या कॅसेटी पुसू नका, त्या मला द्या. शिंत्रे म्हणाले, “कोऱ्या कॅसेटी हाईत कुठं? एकच संच. बाईंना सांगतो, त्याच्यावरच परत करतील.” मी म्हटलं मी स्वतः ताईंशी बोलतो, तोवर हात लावू नका. ते “बरं” म्हणाले.

पण मला सुट्टी मिळून वाचनालयात जायला आठवडा सरत आला. गेलो तर कपाटात कॅसेटी नव्हत्या. शिंत्रे ओशाळून म्हणाले, “इंगवले, मी न्हाई हो बोलावलं. बाई सत्काराच्या दुसऱ्या दिवशीच आल्या, एक शब्द न बोलता संच घेऊन गेल्या. मी काय हात धरू त्यांचा?”

मी तसाच रिक्षा करून राजारामपुरीत गेलो. ताईंच्या घरी मी पूर्वी गेलो होतो, पण त्या दिवशी जिन्यातच कळलं की काहीतरी वेगळं चाललंय. एरवी त्यांच्या घरात रेडिओ असायचा, शिलाई मशीन असायचं. त्या दिवशी सगळं गप्प होतं, आणि गप्प खोलीत ताईंचा आवाज एका सुरात काहीतरी वाचत होता. मी दार वाजवलं तेव्हा टेपचं बटण खटकन वर आलं.

“ये रणधीर,” त्या म्हणाल्या. “बस. पंखा लावत नाही, टेपमध्ये आवाज येतो.”

“ताई, किती झालं?”

“शेवटची बाजू राहिलीय.”

मी खाली बसलो. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्या हाताशी ठेवला.

“शनी गेला?” मी विचारलं.

“गेला नाही, आला. आत्ता कुठं आला तो. सोनेरी, केशरी वलयं, काळ्या रेघा, सगळा जसाच्या तसा. आता त्यात एक शब्द माझा नाही.”

मला रडूही येत होतं आणि रागही आला होता. मी म्हटलं, “कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मला ते नको होतं. मला तुमचं पाहिजे होतं.”

“तू त्या दिवशी म्हणून दाखवलंस ना,” ताई म्हणाल्या, “तेव्हा मला तिथं बसवेना, उठून घरी आले. मला वाटलं, आंधळ्या माणसाच्या ताटातली भाजी काढून आपण आपल्या घरची वाढतोय, आणि तो बिचारा ज्याचं घर त्याचे आभार मानतोय.”

“मग केलंत कशाला?”

ताई माझ्यासमोर बसल्या. मग सांगायला लागल्या. फार आधी, वाचनाला नव्यानं लागल्या तेव्हा, त्या वाचनालयातच बसून वाचायच्या. एकदा समोर मारुती बसला होता, तो वेताच्या खुर्च्या विणायचा. ताई कुठल्याशा पुस्तकातली संध्याकाळ वाचत होत्या. मारुतीनं मधेच विचारलं, “ताई, केशरी म्हंजे कसं वो?” त्यानं साधंच विचारलं होतं, ऐकून घ्यायचं म्हणून.  ताईंनी संत्र्याचा वास सांगून पाहिला, शेकोटीची ऊब सांगून पाहिली. मारुती म्हणाला, “ते म्हाईत हाय. पर ते केशरी न्हवं.”

“त्यानंतर असली जागा आली की माझी जीभ वळेना,” ताई म्हणाल्या. “वाटायचं, आपण यांच्या दारात उभं राहून आतल्या पंगतीची वर्णनं सांगतोय. इतर पुस्तकांत कसंबसं भागवायचे. पण ते अंतराळाचं पुस्तक, त्यात सगळी नुसती बघतच बसलेली. मग मी डोळे मिटले. म्हटलं, मी रणधीर आहे आणि मी त्या यानात बसलेय. आता मला काय कळेल?”

“आणि तवा?”

“तवा इथलाच. भाकरी झाल्यावर उतरवला, तो टकटक करत बसला, ते ऐकत बसले. काचेचं म्हणशील तर थंडीत पहाटे उठून या खिडकीला हात लावून बसायचे. हात बधिर होईपर्यंत.” त्या किंचित हसल्या. “शेजारच्या बाईंनी विचारलं, कुमुदताई बऱ्या आहात ना म्हणून.”

मी म्हटलं, “ताई, अजून एकदा करा. नव्या कॅसेटी मी आणतो. सरांचं नाव नको त्याच्यावर, तुमचं घाला.”

“ते लिहिलेलं कुठं होतं रे? वाचता वाचता यायचं. आता कसं येईल?”

“मला शनीचं पाठ आहे.”

“ते आता म्हणू नकोस,” त्या पटकन म्हणाल्या. “माझ्यासमोर तरी नको.”

 खाली भाजीवाली ओरडत गेली. मग ताई म्हणाल्या ते मला आजही त्यांच्या आवाजासकट आठवतं. “तुला माझं आवडलं, कारण खरं काय होतं ते तू ऐकलंच नव्हतंस. आता नीट ऐक. सगळं ऐक, आणि मला खरं सांग. तुला त्यातून काही मिळालं तर मी सुटले. पण तू म्हणालास की जुनंच बरं, तर मग इतकी वर्षं मी तुम्हाला पुस्तकं देत नव्हते, माझंच काहीतरी खपवत होते. असल्या बाईनं माईकसमोर बसू नये. मी शिंत्र्यांना तसं सांगून टाकीन.”

“हे काय बोलणं झालं, ताई?”

“मी ठरवलंय,” त्या म्हणाल्या. शिवणाच्या बाई होत्या. एकदा मारलेली टीप उसवायची त्यांना सवय नव्हती.

शेवटची बाजू करून त्यांनी संच माझ्याकडं पोचवला. मी तो ऑफिसातून आल्यावर रोज ऐकला, एकही बाजू न सोडता. पुस्तक चांगलं होतं. सर मेहनती लेखक होते, त्यांचा एकही आकडा चुकीचा नसावा. पण लग्नाच्या पंगतीत अनोळखी पाहुण्यांची नावं कानावर पडावीत तसे सोनेरी, फिकट केशरी, जांभळट असे एकेक माझ्यासमोरून गेले. मी प्रत्येकाला नमस्कार केला, पण ओळख काही झाली नाही. शनीपाशी मी टेप मागं नेऊन परत परत ऐकली, म्हटलं आपल्याच ऐकण्यात कमी असेल. ताईंचा आवाजही बदलला होता. स्वच्छ, सावकाश, एकही चूक न करणारा. आज माझ्या मोबाइलमधली बाई असंच वाचते, कुठलंही पुस्तक, स्वल्पविरामसुद्धा न सोडता, आणि ती लागली की मला ते दिवस आठवून बंद करावीशी वाटते.

आणि जिथं मी माझ्या घरी असायचो, त्या यानात आता मी दारात उभा होतो.

सोमवारी सकाळी ऑफिसात बोर्डावर बसलो होतो. सोमवारी फोन फार असायचे. मी एक ओळ उचलून सवयीनं ऑफिसचं नाव सांगितलं.

“रणधीर, मी कुमुद. कोपऱ्यावरच्या दुकानातून बोलतेय. ऐकलंस?”

“ऐकलं, ताई.”

“सगळं?”

“सगळं.”

“मग?”

मी म्हटलं, “एक मिनिट हं, ताई, दुसरी लाइन वाजतेय.” दुसरी लाइन खरोखरच वाजत होती. मी ती साहेबांना जोडून दिली. मग आणखी एक वाजली, तीही जोडली. तिसरी मी वाजू दिली. तेवढ्यात मला काही सुचेल असं वाटलं होतं. खरं सांगितलं तर ही बाई उद्यापासून कुणालाच वाचून दाखवणार नव्हती, मलाही नाही, मारुतीलाही नाही. खोटं सांगितलं तर ती वाचत राहणार होती, पण ज्यासाठी मी तिच्याकडं धावत गेलो होतो ते तिच्या तोंडून पुन्हा कधीच येणार नव्हतं. दोन्हीकडून माझंच जात होतं. आणि दुकानातल्या फोनपाशी ती बाई वाट बघत उभी होती.

“हां, बोला ताई.”

“तूच बोल. शनी दिसला का?”

“दिसला,” मी म्हटलं.

“वलयं?”

“वलयंपण दिसली.”

“ते रंग... ते कळले काही?”

“छान होते, ताई. मला काय माहीत होतं इतकं छान असतं म्हणून.”

पलीकडून श्वास सुटल्याचा आवाज आला. “बरं झालं बाई,” त्या म्हणाल्या. “मला वाटत होतं, मी तुमचं केवढं नुकसान करून ठेवलं.” मग त्यांना हसू आलं, पुष्कळ दिवसांनी आलेलं, आणि त्या म्हणाल्या की शिंत्र्यांकडून अंतराळाचं आणखी एक पुस्तक आणलंय, मंगळावरचं, आजच सुरुवात करते.

त्यानंतर कुमुदताईंनी पुष्कळ वर्षं वाचलं, त्यांचा आवाज अगदी थकेपर्यंत. सगळं छापल्याप्रमाणे. पुस्तक संपलं की त्यांचा फोन यायचा, दिसलं का रे नीट म्हणून विचारायच्या, आणि मी दर वेळी दिसलं म्हणायचो.